मेफ्लॉवरच्या स्टीफन हॉपकिन्सची लग्नं आणि नातीगोती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या विहीणबाई अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या केप कॉडच्या. त्यांच्या आजोळची वाट मागे मागे नेली की ती कॉन्स्टन्स हॉपकिन्स नावाच्या मुलीपाशी पोचते. ही मुलगी १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून बापाबरोबर अमेरिकेत उतरली. नातवासाठी ही वाट नीट लिहून काढायची म्हणून मी कागद चाळायला घेतले आणि त्यातच गुंतले. अमेरिकेत सोयरीक जुळलेल्या बऱ्याच मराठी घरांतून आता मला तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

हा स्टीफन हॉपकिन्स कोण?

इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातल्या अप्पर क्लॅटफर्ड गावी ३० एप्रिल १५८१ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील जॉन हॉपकिन्स, आई एलिझाबेथ विल्यम्स. १६०९ मध्ये तो 'सी व्हेंचर' जहाजानं व्हर्जिनियाला निघाला. जहाज वादळात सापडून २८ जुलैला बर्म्युडाच्या खडकांवर आदळलं. तिथल्या मुक्कामात 'गव्हर्नरचा हुकूम आता आपल्यावर चालत नाही' असं म्हटल्याबद्दल त्याला मृत्युदंड सुनावला गेला. बायकामुलं उघडी पडतील म्हणून तो इतका गयावया करू लागला की त्याला माफी मिळाली. हे त्याच जहाजावरच्या विल्यम स्ट्रेचीनं लिहून ठेवलं आहे. तिथेच बांधलेल्या दोन लहान जहाजांतून जवळपास सगळे १६१० च्या मे महिन्यात व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला पोचले.

पुढे इंग्लंडला परतून १६२० मध्ये तो सहकुटुंब मेफ्लॉवरवर चढला. जहाजावरच्या प्रवाशांनी केलेल्या करारावर त्याची सही आहे. १६२१ च्या मार्चमध्ये सॅमोसेट हा मूळ अमेरिकन माणूस मेफ्लॉवरवाल्यांनी वसवलेल्या प्लिमथच्या वस्तीत आला, तेव्हा त्याची रात्रीची सोय हॉपकिन्सच्याच घरी केली होती.

बर्म्युडातला हॉपकिन्स आणि मेफ्लॉवरवरचा हॉपकिन्स एकच, हे कशावरून?

नाव सारखं एवढ्यावर कुणी विश्वास ठेवू नये. इथे मात्र घरातले कागद जुळतात. १६०८ नंतर त्याच्या घरी मुलाचा बाप्तिस्मा नाही, १६१३ मध्ये बायको एकटी असताना वारली, आणि १६१८ च्या सुमारास तो लंडनमध्ये पुन्हा बोहल्यावर उभा राहिला. मधली रिकामी वर्षं नेमकी व्हर्जिनियाच्या प्रवासाशी बसतात. शिवाय केप कॉडला उतरल्यावर रानात वाकवलेलं झाड आणि दोरीचा फास पाहून 'हा हरणं धरायचा फास आहे' हे हॉपकिन्सनंच ओळखलं. अमेरिकेतल्या रानाशी आधीची ओळख असलेला माणूस तो.

त्याची लग्नं किती झाली?

दोन. पहिली बायको मेरी. तिची मुलं तीन : एलिझाबेथ (बाप्तिस्मा १३ मार्च १६०३/४), कॉन्स्टन्स (११ मे १६०६) आणि जाइल्स (३० जानेवारी १६०७/८). वर्ष असं दुहेरी का लिहितात ते पुढे सांगते. तिघांचे बाप्तिस्मे हॅम्पशरमधल्या हर्स्ली गावच्या चर्चमधले. दुसरी बायको एलिझाबेथ फिशर. लग्न १९ फेब्रुवारी १६१७/१८ रोजी, लंडनजवळच्या व्हाइटचॅपलला सेंट मेरी मॅटफेलन चर्चमध्ये. तिची मुलं डॅमॅरिस, मेफ्लॉवरवर भर समुद्रात जन्मलेला ओशियानस, मग प्लिमथला झालेली केलेब, डेबोरा, दुसरी डॅमॅरिस, रूथ आणि एलिझाबेथ.

दोन एलिझाबेथ आणि दोन डॅमॅरिस आहेत हे आत्ताच लक्षात ठेवा. निम्मा घोळ तिथेच होतो.

आमच्याकडच्या वंशावळीत पहिल्या बायकोचं नाव 'कॉन्स्टन्स डडली' आहे. ते चूक का?

चूक आहे, आणि ती माझ्याही हातून झाली आहे. नातवाच्या शाळेतल्या तक्त्यावर मी एका तयार वंशावळीतून हेच नाव मोठ्या अक्षरांत उतरवून दिलं होतं. नंतर नवा तक्ता केला.

चूक कशी शिरली ते पाहा. स्टीफन हॉपकिन्स नावाच्या एका माणसाचं कॉन्स्टन्स डडली नावाच्या बाईशी लग्न झाल्याची नोंद जुन्या संशोधकांच्या हाती लागली. मेफ्लॉवरवरच्या मुलीचं नाव कॉन्स्टन्स, तेव्हा आईचंही तेच असणार, असं गृहीत धरलं गेलं. जोडीला स्टीफनला ग्लॉस्टरशरमधल्या वॉटन-अंडर-एजच्या एका हॉपकिन्स घराण्यात बसवून दिलं. दोन अंदाज एकमेकांच्या आधारानं उभे राहिले आणि छापून आल्यावर लोक त्यांना पुरावा समजू लागले.

१९९८ मध्ये संशोधक केलेब जॉन्सन यांनी हर्स्लीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि हे सगळं कोसळलं. तरीही ऑनलाइन वंशावळींमधून डडलीबाई अजून निघालेल्या नाहीत, कारण शंभर जणांनी एकमेकांचीच नक्कल केलेली असते. शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. मूळ नोंद एकच होती, आणि ती वेगळ्याच माणसाची होती.

हर्स्ली गाव सापडलं कसं?

मुलांच्या नावांवरून. स्टीफन हे नाव तेव्हा गल्लोगल्ली होतं. त्यावर शोध घेऊन हाताला काही लागत नाही. पण एकाच घरात एक कॉन्स्टन्स, एक जाइल्स आणि बाप स्टीफन, हे त्रिकूट दुर्मीळ. प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानं १६५१ च्या सुमारास प्रवाशांची जी यादी केली, तीत जाइल्स आणि कॉन्स्टन्स ही दोघं 'पहिल्या बायकोची' असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे एका आईची ही दोन मुलं एका चर्चच्या वहीत शोधायची. ती हर्स्लीला मिळाली, आणि वयंही जुळली.

कुणाचंही मूळ शोधताना मी आता हेच करते. कुटुंबप्रमुखाचं नाव बाजूला ठेवायचं आणि घरातलं सर्वांत वेगळं नाव धरायचं. बहुतेक वेळा ते एखाद्या लेकराचं असतं.

नवरा जिवंत असताना मेरीला कागदावर 'विधवा' का म्हटलं आहे?

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा कागद हाच. ९ मे १६१३ रोजी मेरीचं हर्स्लीला दफन झालं. दुसऱ्याच दिवशी, १० मे रोजी, तिच्या घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली. त्या यादीत 'हर्स्लीची मेरी हॉपकिन्स, विधवा' असं लिहिलं आहे.

नवरा चार वर्षांपूर्वी समुद्रापार गेला होता. त्याचं जहाज बुडाल्याची बातमी इंग्लंडभर झाली होती. गावानं तिला विधवा धरलं याचा अर्थ तो परत येईल ही आशा गावानं सोडली होती. आई गेली तेव्हा थोरली एलिझाबेथ नऊ वर्षांची, कॉन्स्टन्स सातची आणि जाइल्स पाचचा. मुलं अज्ञान म्हणून मालमत्तेचा कारभार दुसऱ्यांकडे सोपवला गेला. त्या कागदात तिन्ही मुलांची नावं आहेत, आणि म्हणूनच ही मेरी त्यांची आई हे पक्कं होतं. तिच्या मरणाच्या कागदानं तिला तिची मुलं परत मिळवून दिली.

'विधवा' हा शब्द वाचून नवऱ्याची मृत्युतारीख 'सन १६१३ पूर्वी' अशी भरून मोकळं होऊ नका. तो शब्द लिहिणाऱ्यांचा समज सांगतो. हा नवरा १६४४ पर्यंत जगला.

थोरली एलिझाबेथ मेफ्लॉवरवर नव्हती. १६१३ च्या त्या कागदानंतर ती कुठेच दिसत नाही.

मेरीचं माहेर कोणतं?

हर्स्ली हे मर्डन नावाच्या जहागिरीत येतं. तिथल्या कागदांवरून तिचं माहेर 'केंट उर्फ बॅक' असावं, असा अंदाज पुढे आला आहे. हे 'उर्फ' त्या काळी सर्रास असे. एकाच घराला दोन आडनावं लागत. अंदाज बरा आहे, पण अंदाजच आहे. वंशावळीत मी तिच्या आडनावाची जागा मोकळी सोडते आणि खाली टीप म्हणून 'केंट उर्फ बॅक, शक्यता' असं लिहिते. मोकळी जागा पाहून लोकांना चुकल्यासारखं वाटतं. डडलीबाई अशाच एका मोकळ्या जागेत येऊन बसल्या होत्या, हे त्यांना सांगावं.

बायकांची माहेरची नावं इतकी कमी का मिळतात?

इंग्रजी कायद्यात लग्नानंतर बाईची मालमत्ता नवऱ्याच्या नावावर जाई. करार, खटला, खरेदीखत तिच्या नावानं होत नसे, आणि नोंदी तर याच गोष्टींच्या होत. जुन्या मराठी घरांत सासरी आल्यावर मुलीचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलायचं, त्यामुळे कुलवृत्तांतात पणजीचं माहेरचं नाव शोधताना आपण अडतो. तिकडे पाळण्यातलं नाव टिकतं, आडनाव जातं. कॉन्स्टन्स ही मरेपर्यंत कॉन्स्टन्सच राहते, फक्त हॉपकिन्सची स्नो होते. त्यामुळे लग्नाच्या आधीची आणि नंतरची बाई एकच आहे हे दाखवणारा एक कागद तरी लागतो. बापाचं मृत्युपत्र हे काम सर्वांत चांगलं करतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

'१६१७/१८' असं दोन वर्षांत लग्न कसं होऊ शकतं?

लग्न एकाच दिवशी झालं, वर्ष मोजायच्या रीती दोन होत्या. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च हे दिवस त्यांच्या हिशेबी जुन्या वर्षात आणि आपल्या हिशेबी नव्या वर्षात पडतात. स्टीफन आणि एलिझाबेथ यांचं लग्न चर्चच्या वहीप्रमाणे १६१७ च्या फेब्रुवारीत झालं, आपल्या भाषेत १६१८ च्या. चैत्रात वर्ष बदलणाऱ्या माणसांना हे समजायला जड जाऊ नये.

न्यू इंग्लंडमध्ये महिने आकड्यांनी लिहायचीही पद्धत होती. तिथे 'पहिला महिना' म्हणजे मार्च आणि 'बारावा' म्हणजे फेब्रुवारी. हे न कळल्यानं लग्नाआधी मूल झाल्याचा आळ कित्येक जोडप्यांवर विनाकारण आला आहे.

जाता जाता सांगते. ते सेंट मेरी चर्च दुसऱ्या महायुद्धात बाँबनं उद्ध्वस्त झालं. आज तिथे अल्ताब अली पार्क आहे. लंडनला गेलात तर अवश्य थांबा.

प्लिमथमधली लग्नं चर्चच्या वहीत का सापडत नाहीत?

कारण ती चर्चमध्ये लागतच नव्हती. ही मंडळी हॉलंडमध्ये राहून आलेली. लग्न हा दिवाणी व्यवहार आहे, तो दंडाधिकाऱ्यापुढे व्हावा, ही तिथली रीत त्यांनी उचलली. वस्तीतलं पहिलं लग्न १२ मे १६२१ रोजी एडवर्ड विन्स्लो आणि सुझॅना व्हाइट यांचं. तिचा नवरा त्याच फेब्रुवारीत गेला होता आणि त्याची बायको मार्चच्या अखेरीस. विन्स्लो सात आठवड्यांत पुन्हा उभा राहिला हे वाचून लोकांना धक्का बसतो. पण पहिल्या हिवाळ्यात जवळपास निम्मी माणसं दगावली होती, आणि सुझॅनाच्या पदरात दोन मुलगे होते. धाकटा पेरेग्रिन तर केप कॉडच्या बंदरात जहाज नांगरलेलं असताना जन्मलेला.

म्हणून प्लिमथमधलं लग्न शोधायचं तर वसाहतीच्या न्यायालयाच्या वह्या, जमीनवाटप, मृत्युपत्रं आणि गावकारकुनाच्या नोंदी पाहायच्या. कित्येकदा लग्नाची तारीख मिळत नाही, फक्त 'या दिवसाच्या आत लग्न झालं होतं' एवढं कळतं. कॉन्स्टन्सचं तसंच आहे. २२ मे १६२७ रोजी वसाहतीतली गुरं वाटली गेली, तेव्हा हॉपकिन्सच्या वाट्यात निकोलस स्नो आणि कॉन्स्टन्स स्नो ही नावं शेजारी शेजारी आहेत. निकोलस 'ॲन' जहाजानं १६२३ मध्ये आला. म्हणजे लग्न १६२३ ते मे १६२७ या काळातलं. एवढं लिहिलं की पुरे.

डॅमॅरिस खरोखर दोन होत्या का? मेफ्लॉवरवरची डॅमॅरिसच जेकब कुकची बायको झाली असं आम्ही वाचलं आहे.

दोन होत्या. एखादं मूल गेलं की त्याचं नाव पुढच्या मुलाला देणं ही तेव्हाची नेहमीची गोष्ट. दोघी वेगळ्या होत्या हे तीन ठिकाणांहून कळतं, आणि तिन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत.

पहिलं, गुरांचं वाटप. १६२७ च्या त्या यादीत माणशी वाटा होता, तान्ह्या मुलांचासुद्धा. हॉपकिन्सच्या घरची नावं अशी : स्टीफन, एलिझाबेथ, जाइल्स, केलेब, डेबोरा. डॅमॅरिस नाही, ओशियानसही नाही. वाट्यातून जिवंत लेकराला कुणी बाप वगळत नाही. दोघंही त्याआधीच गेली होती.

दुसरं, ब्रॅडफर्डची यादी. तो लिहितो की हॉपकिन्स जोडप्याला 'इथे' एक मुलगा आणि चार मुली झाल्या. मुलगा खलाशी झाला आणि बार्बाडोसला वारला, तो केलेब. चार मुली म्हणजे डेबोरा, डॅमॅरिस, रूथ, एलिझाबेथ. डॅमॅरिस प्लिमथला जन्मलेल्यांत धरली नाही तर चार हा आकडा भरत नाही.

तिसरं, बाळंतपणं. जेकब कुक आणि डॅमॅरिस यांची मुलगी रूथ १७ जानेवारी १६६५/६ रोजी जन्मली. मेफ्लॉवरवरची डॅमॅरिस १६१८ च्या आसपासची. ती असती तर रूथच्या वेळी सत्तेचाळीसची. १६२७ नंतर जन्मलेली असेल तर अडतिशीच्या आतली. कुठलं खरं वाटतं ते सांगायला नको.

मुलीच्या लग्नाची, बाळंतपणांची आणि नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची तारीख एका ओळीत मांडायची सवय लावून घ्या. जेकब कुकनं १८ नोव्हेंबर १६६९ रोजी एका विधवेशी लग्न केलं. म्हणजे डॅमॅरिस १६६६ च्या जानेवारीनंतर आणि त्या नोव्हेंबरच्या आधी गेली. तिच्या मृत्यूची वेगळी नोंद नाही, पण नवरा बिजवर झाल्याच्या दिवसानं ती जागा जवळजवळ भरली.

मृत्युपत्रातून नाती कशी वाचायची?

स्टीफनचं मृत्युपत्र ६ जून १६४४ चं आहे. माझ्या मते वसाहतीतल्या कौटुंबिक कागदांमध्ये इतकं जिवंत दुसरं सापडणं कठीण. सुरुवातीलाच तो म्हणतो की माझा देह माझ्या गेलेल्या बायकोच्या जवळात जवळ पुरा. यावरून एलिझाबेथ फिशर त्याच्या आधी गेली हे कळलं.

मग तो गुरं वाटतो. जाइल्सला मोठा वळू, जो तेव्हा शेजारच्या वॉरनबाईंकडे होता. जाइल्सच्या मुलाला, म्हणजे आपल्या नावाच्या नातवाला, त्याच वळूच्या भाड्याचे वीस शिलिंग. 'निकोलस स्नो याची बायको, माझी मुलगी कॉन्स्टन्स स्नो' हिला घोडी. या एका ओळीत बाप, लेक आणि जावई तिघं बांधले गेले. याच ओळीवर आज हजारो लोकांचं नातं उभं आहे.

डेबोराला रुंद शिंगांची काळी गाय, तिचं वासरू, आणि 'मॉटली' म्हणजे बांड्या गाईचा अर्धा वाटा. उरलेली अर्धी बांडी डॅमॅरिसला, शिवाय 'डॅमॅरिसची कालवड' याच नावानं ओळखली जाणारी गाय आणि पांढऱ्या तोंडाचं वासरू. रूथला 'रेड कोल' आणि तिचं वासरू. एलिझाबेथला 'स्मायकिन्स' आणि तिचं वासरू, आणि जाइल्सकडे केप कॉडवरच्या यार्मथला असलेली एक वर्षाची, शेपूट नसलेली कालवड. चारही मुलींचं आडनाव इथे हॉपकिन्स आहे, म्हणजे १६४४ च्या जूनपर्यंत कुणाचं लग्न झालेलं नव्हतं. डेबोराचं अँड्र्यू रिंगशी लग्न १६४६ मध्ये झालं, ते याला धरूनच.

घर आणि जमीन केलेबला. पण मुली जोवर अविवाहित आहेत तोवर त्यांना वाटेल तेव्हा त्या घरात येऊन वाटेल तितके दिवस राहू द्यावं, असं बापानं लिहून ठेवलं आहे. हे वाक्य मी विहीणबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

जाइल्स थोरला असून वारस केलेब का, असं विचारतात. मृत्युपत्र केलं की थोरल्याचा हक्क आपोआप लागू होत नाही. आणि जाइल्स तेव्हा यार्मथला स्वतःचं बिऱ्हाड थाटून होता. त्याच वर्षी केलेबनं आपल्या या सावत्र भावाला शंभर एकर जमीन दिली. सावत्रपणाचं वैर असल्याचं मला तरी कागदात कुठे दिसत नाही.

जुन्या कागदांतले 'मदर-इन-लॉ', 'कझिन' हे शब्द आजच्याच अर्थानं घ्यायचे का?

अजिबात नाही. सतराव्या शतकात सावत्र आईलाही 'मदर-इन-लॉ' म्हणत आणि सावत्र मुलाला 'सन-इन-लॉ'. पुतण्या-भाच्यांना 'कझिन'. 'ब्रदर' हा मेहुणा असेल, साडू असेल किंवा चर्चमधला सोबतीही. 'सीनियर' आणि 'जूनियर' हे बापलेकच असतील असं नाही, एका गावात एका नावाची दोन माणसं असली की वयानं मोठा तो सीनियर. आपल्या भाषेत नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी यांना वेगळे शब्द आहेत, म्हणून आपण अशा नोंदी घाईनं आणि फार आत्मविश्वासानं भाषांतरित करतो. आधी नातं दुसऱ्या कागदावरून ठरवा, मग मराठी शब्द निवडा.

जाइल्सची सासू मूळ अमेरिकन जमातीची होती, हे खरं आहे का?

जाइल्सनं ९ ऑक्टोबर १६३९ रोजी कॅथरिन व्हेल्डनशी लग्न केलं. तिचा बाप गेब्रिएल व्हेल्डन वसाहतीच्या कागदांत पहिल्यांदा दिसतो तो १६३८ मध्ये. मग १६३९ मध्ये लग्नाच्या वयाची असलेली मुलगी इथल्या बाईच्या पोटी कशी जन्मेल? वाम्पानोआग लोक आजही त्याच किनाऱ्यावर राहतात आणि त्यांच्या स्वतःच्या वंशपरंपरा आहेत. कहाणी आवडली म्हणून त्यांच्यातली एक आई आपल्या तक्त्यात लावून घेणं मला योग्य वाटत नाही.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा स्टीफन हॉपकिन्स याचाच वंशज ना?

नाही. तो ऱ्होड आयलंडचा, जन्म १७०७. त्याचं घराणं प्रॉव्हिडन्सच्या थॉमस हॉपकिन्सचं.

एडवर्ड डोटी आणि एडवर्ड लीस्टर हे हॉपकिन्सचे नातेवाईक होते का?

नोकर होते. ब्रॅडफर्ड त्यांना हॉपकिन्सच्या कुटुंबात मोजतो, कारण एका छताखाली, एका चुलीवर जेवणारे सगळे म्हणजे कुटुंब, असा तेव्हाचा अर्थ होता. रक्ताचं नातं त्यातून काढू नये.

डीएनए चाचणीनं हे सिद्ध होईल का?

ठरावीक वाटांपुरतं. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र स्टीफनचं हवं असेल तर जाइल्सच्या अखंड पुरुष-परंपरेतला माणूस लागेल. आईकडून जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए मेरीचा हवा असेल तर कॉन्स्टन्सची लेक, तिची लेक, अशी एकही कडी न तुटलेली ओळ हवी. जिच्या माहेरचं नाव आपल्याला मिळालं नाही, तिची खूण अशी एखाद्या बाईत आजही चालत आलेली असेल.

नेहमीच्या चाचणीकडून मात्र फार अपेक्षा नको. बारा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या ४०९६ जागा होतात. त्यातल्या एकाचा अंश आपल्यात आला नसेलही, तरी नातं खरंच असतं.

सुरुवात कुठून करायची आणि किती पुरावा लागतो?

आपल्याकडून मागे चला, मेफ्लॉवरकडून पुढे नको. सून असो वा जावई, त्यांच्या आईवडिलांचा जन्म, लग्न, मृत्यू, मग आजीआजोबा, अशी एकेक पायरी. प्रत्येक पायरीला 'हा याचा मुलगा' किंवा 'ही याची मुलगी' असं सांगणारा कागद लागतो. मॅसॅच्युसेट्समधल्या गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी छापील पुस्तकांत मिळतात. प्लिमथ वसाहतीच्या न्यायालयाच्या वह्या एकोणिसाव्या शतकातच बारा खंडांत छापल्या गेल्या. 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर बरंच काही विनामूल्य पाहता येतं. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेनं ज्यांचा वंश पुढे चालला त्या प्रवाशांच्या पाच पिढ्यांची पुस्तकं काढली आहेत. त्यांतला सहावा खंड हॉपकिन्सचा. तुमचा दुवा पाचव्या पिढीपर्यंत पोचला की पुढचं काम बरंच झालेलं असतं. अडचण बहुधा १७८० ते १८५० या काळात येते. माणसं केप कॉड सोडून न्यूयॉर्क, ओहायोकडे गेली आणि नोंदी मागे राहिल्या.

आणखी एक कळकळीची विनंती. कुठल्याही तयार वंशावळीतलं नाव उतरवण्याआधी त्या नावाखालचा कागद उघडून पाहा. कागद नसेल तर नाव पेन्सिलनं लिहा.

धाकट्या एलिझाबेथचं लग्न कोणाशी झालं?

झाल्याची नोंद नाही. ब्रॅडफर्डनं १६५१ च्या सुमारास लिहिलं तेव्हा एकीचं लग्न व्हायचं होतं, ती हीच. त्यानंतर ती कुठेतरी निघून गेली. १६५९ मध्ये तिच्या गुराढोरांची मोजदाद करून किंमत ठरवण्यात आली, आणि त्या कागदात कारण लिहिलं आहे : 'एलिझाबेथ हॉपकिन्स परत आलीच नाही तर'. वंशावळीचे तयार तक्ते तिच्यापुढे 'मृत्यू १६५९' असं छापतात. मी तिच्या नावापुढे ती ओळच लिहिली आहे, आणि मृत्यूचा रकाना रिकामा ठेवला आहे.